परदेशातला फोन नाशिकमध्ये वापरायचाय? आधी सिमचं बघा

अमेरिकेहून मुलगा येतोय, दुबईहून मेहुणा येतोय, कंपनीच्या कामाला जपानला गेलेली भाची परततेय. असा निरोप आला की नाशिकमधून उलट एक यादी जाते आणि त्या यादीत बहुतेक वेळा फोन असतो. रंग कोणता, कॅमेरा कसा, इथल्यापेक्षा किती स्वस्त, यावर घरात भरपूर चर्चा होते. आपलं नाशिकचं सिम त्यात चालणार का, हे मात्र खोका उघडल्यावर विचारलं जातं.

प्रश्न नेमका उलट्या क्रमाने सोडवायला हवा. आज आपला मोबाईल नंबर म्हणजे बँकेचा ओटीपी, यूपीआय, गॅसचं बुकिंग आणि आधारची पडताळणी. फोन कितीही चांगला असला तरी त्यात हा नंबर नीट बसला नाही, तर घरातल्या माणसाचे व्यवहार अडतात. म्हणून खरेदीच्या आधी तीन गोष्टी पाहा आणि त्याच क्रमाने पाहा: सिम कसं बसतं, फोनला मोबाईल कंपनीचं लॉक आहे का, आणि आपल्याकडचं नेटवर्क तो पकडतो का. किंमत त्यानंतर.

सिमची जागा आहे का?

२०२२ मध्ये आयफोन १४ आला तेव्हापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनला सिमचा ट्रेच नसतो. सगळं ई-सिमवर, म्हणजे वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच असलेल्या सिमवर. आयफोन १७ च्या वेळी ही यादी वाढली. कॅनडा, मेक्सिको, जपान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन इथलेही आयफोन १७ बिनट्रेचे आले. आयफोन एअर तर जगात कुठेही घ्या, तो ई-सिमवरच चालतो. म्हणजे ‘दुबईचा आहे, त्यात सिम बसतं’ ही जुनी खात्री आता मॉडेल पाहिल्याशिवाय धरू नका. चीनमध्ये याच्या उलट: तिथल्या बाजारासाठी बनलेल्या आयफोनमध्ये वर्षानुवर्षं दोन साध्या सिमची सोय आहे आणि ई-सिम नाही. एअर हा तिथला अपवाद.

आयफोन समोर असेल तर सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि मग ‘अबाऊट’ उघडा. मॉडेल नंबरच्या शेवटची अक्षरं देश सांगतात. एलएल/ए असेल तर अमेरिका, जे/ए जपान, बी/ए ब्रिटन, सीएच/ए चीन, एचएन/ए म्हणजे आपल्याकडचा. त्याच नंबरचं पहिलं अक्षरही बघून घ्या. एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला, एन म्हणजे तक्रारीनंतर बदलून दिलेला. जुना फोन घेताना हे एक अक्षर बरंच काही सांगून जातं.

ई-सिम वाईट नाही. जिओ, एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) तिघेही देतात, आणि स्वतःसाठी फोन घेणाऱ्या तरुण माणसाला त्याचा काही त्रास नाही. माझं स्पष्ट मत असं आहे की वयस्कर आई-बाबांसाठी बिनट्रेचा फोन आणू नये. गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला दोघंच राहणारे आई-बाबा, मुलं परदेशात, आणि एके दिवशी फोन पाण्यात पडला. साधं सिम असेल तर शेजारचा मुलगा ते काढून कपाटातल्या जुन्या फोनमध्ये टाकतो आणि दहा मिनिटांत नंबर सुरू होतो. ई-सिम मात्र बंद पडलेल्या फोनबरोबर अडकतं. मग ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा, नवं सिम घ्या, ते सुरू व्हायची वाट पाहा. अडचणीच्या दिवशी त्यांना हा खटाटोप करायला लावू नका. त्यांच्यासाठी इथेच कॉलेज रोडला ट्रे असलेला फोन घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

लॉक

अमेरिकेत बरेच फोन मोबाईल कंपनीकडूनच हप्त्याने घेतले जातात. बहुतेक वेळा हप्ते पूर्ण होईपर्यंत तो फोन फक्त त्याच कंपनीचं सिम घेतो. प्रीपेड प्लॅनबरोबर मिळणारे अगदी स्वस्त फोनही असेच बांधलेले असतात. म्हणून तिकडच्या माणसाला ‘फोन नवा आहे का’ एवढंच विचारू नका, ‘अनलॉक्ड घेतलाय का, की कंपनीच्या प्लॅनवर’ हे विचारा. निर्मात्याच्या दुकानातून पूर्ण पैसे भरून, कोणत्याही कंपनीशी न जोडता घेतलेला फोन सर्वात निर्धोक.

सगळीकडे हा प्रकार नाही. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांना फोन अनलॉक स्थितीतच विकावा लागतो. जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला मनाई आहे. त्याआधी घेतलेला जुना फोन कोणी देत असेल तर मात्र तपासा.

आयफोनवर तपासणं सोपं. त्याच ‘अबाऊट’ पानावर ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते. तिच्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं हवं. अँड्रॉइडवर अशी एकच ठरावीक जागा नसते. तिथे दुसऱ्या कंपनीचं चालू सिम टाकून कॉल लावून पाहणं हीच खरी परीक्षा. सॅमसंगच्या काही फोनना आणखी एक अट असते: ज्या भागासाठी फोन बनला, त्या भागातल्या सिमवरून आधी काही मिनिटं बोलणं झालं पाहिजे, मगच दुसऱ्या देशाचं सिम तो स्वीकारतो. खोक्यावर तसा स्टिकर असतो. असा फोन सीलबंद आणू नका. तिथेच उघडून, तिथल्या सिमवरून बोलून मग बॅगेत टाका. सीलबंद भेट देण्याची हौस अशा फोनच्या बाबतीत बाजूला ठेवलेली बरी.

लॉक उघडायचं असेल तर ते तो देश सोडण्याआधी. लॉक लावणारी कंपनीच ते अधिकृतपणे काढू शकते, आणि त्यासाठी तिथलं खातं, भरलेले हप्ते आणि बऱ्याचदा तिथल्या नंबरवर येणारा कोड लागतो. नाशिकला येऊन तो नंबर बंद झाला की तेच काम फार किचकट होतं. बाजारात सिमखाली ठेवायची एक पातळ चिप मिळते, तिने लॉक ‘उघडतं’ असं सांगतात. ती लॉक काढत नाही, फोनला चकवते. पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर नेटवर्क गेलं की आपण पुन्हा पहिल्या जागी. त्या वाटेला जाऊच नका.

नेटवर्क पकडतो का?

प्रत्येक देशात मोबाईल कंपन्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यांना बँड म्हणतात. आपल्याकडे ४जी साठी मुख्यतः बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ लागतात. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. बीएसएनएलच्या नव्या ४जी साठी ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आणि २१०० चा बँड १ हवा. ५जी ला एन७८ हा मुख्य बँड, आणि जिओसाठी शिवाय एन२८. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेल नंबरसमोर बँडची यादी असते. नाव एकच असलं तरी देशागणिक मॉडेल नंबर आणि बँड बदलतात, त्यामुळे नावावरून शोधू नका.

आयफोन आणि मोठ्या कंपन्यांचे महागडे फोन बहुतेक सगळे बँड घेऊन येतात, तिथे फारशी काळजी नको. घोळ होतो तो अमेरिकेतल्या स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये. तिथले बँड २, ४, १२, १३, ६६, ७१ असे; आपल्याला रोज लागणारे ३ आणि ४० त्यात नसले, तर फोनवर नेटवर्कच्या काड्या दिसतील आणि इंटरनेट रांगत चालेल.

सगळेच बँड सारखे वागत नाहीत. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. म्हणजे बँड २८, ५ आणि ८. जुन्या नाशिकमधले जाड भिंतींचे वाडे, पंचवटीतल्या अरुंद बोळांतली तळमजल्याची घरं, कसारा घाट, त्र्यंबकेश्वरकडचा डोंगराळ पट्टा, इथे हेच बँड कामाला येतात. कॉलेज रोडला दुकानात फोन झकास चालला म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमच्या घराच्या मधल्या खोलीत बसून कॉल करा. २०२६–२७ च्या सिंहस्थासाठी परदेशातले नातेवाईक मोठ्या संख्येने येतील. गर्दीत एका बँडवर ताण आला की फोन दुसऱ्या बँडवर जाऊ शकतो, पण तो बँड फोनमध्ये असला तरच. त्यांना हे आधीच कळवून ठेवा.

बँडइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे व्होल्टे, म्हणजे ४जी वरून होणारं बोलणं. जिओकडे २जी किंवा ३जी नाहीच. फोन जिओचं व्होल्टे ओळखत नसेल तर इंटरनेट चालेल आणि साधा कॉल लागणार नाही. एअरटेल किंवा व्हीवर असा फोन बोलण्यापुरता २जी वर उतरतो. तपासायची युक्ती सोपी आहे: वाय-फाय बंद करा, कॉल लावा, आणि बोलणं चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा. ४जी किंवा ५जी ची खूण टिकली तर व्होल्टे चालू आहे. ती जाऊन इंग्रजी ‘ई’, म्हणजे २जी ची खूण, आली तर नाही. कधी कधी सेटिंग्जमध्ये व्होल्टेचं बटण फक्त बंद असतं, तेही पाहून घ्या.

५जी दिसत नसेल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. भारतात ५जी सुरू झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि आयफोनला ते मिळालं डिसेंबरमध्ये, आयओएस १६.२ बरोबर. त्याआधीचं सॉफ्टवेअर घेऊन खोक्यात पडून राहिलेला फोन अपडेटशिवाय इथलं ५जी दाखवणार नाही.

किंमत आणि कस्टम्स

अमेरिकेतल्या दुकानात पाटीवर जी किंमत असते तिच्यात विक्रीकर धरलेला नसतो. तो बिल करताना वाढतो आणि राज्यागणिक वेगळा असतो. ऑरेगन, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि मोंटाना या राज्यांत तो नाही. बाकी ठिकाणी कर मिळवूनच इथल्या किमतीशी तुलना करा. बऱ्याचदा फरक वाटला होता त्यापेक्षा कमी निघतो.

परदेशातून येणारा नाशिककर बहुधा मुंबईला उतरतो, कस्टम्सचा प्रश्न तिथेच येतो. प्रवाशाचा स्वतःचा वापरातला फोन हा त्याच्या वैयक्तिक सामानात मोडतो. सीलबंद नवा फोन मात्र शुल्कमुक्त मर्यादेत मोजला जातो. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतीय रहिवाशासाठी ही मर्यादा ५०,००० रुपये ठेवली होती. आकडे बदलत असतात, तेव्हा प्रवासाआधी कस्टम्सचा कारभार पाहणाऱ्या सीबीआयसीच्या संकेतस्थळावर चालू मर्यादा पाहून घ्या. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू त्यात बसवता येत नाही. मर्यादेपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर लाल मार्गाने जा, बिल दाखवा, शुल्क भरा आणि पावती जपून ठेवा. कुणी ‘आमच्या ओळखीच्यांसाठी एवढे दोन फोन न्या’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. बॅग तुमची, तर जबाबदारीही तुमचीच.

नाशिकला पोहोचल्यावर

साधं सिम असेल तर काम लगेच संपतं. ई-सिम असेल तर आधी दिवस निवडा. त्याच नंबरचं नवं सिम किंवा ई-सिम घेतलं की पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक रोखण्यासाठी तसा नियम आहे. म्हणजे त्या काळात ओटीपी येत नाही. हप्ता भरायचा, तिकीट काढायचं, रुग्णालयाचं बिल द्यायचं, असं काही त्या दिवशी असेल तर ई-सिमचं काम पुढे ढकला. शनिवारी संध्याकाळी सुरू केलं तर बरं पडतं.

१. नव्या फोनवर *#०६# डायल करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसेल, तो १५ अंकी असतो. ई-सिम असलेल्या फोनवर ३२ अंकी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख क्रमांकही दिसतो. दोन्ही कागदावर लिहून घ्या.

२. जुना फोन, चालू सिमसकट, हाताशी ठेवा. एअरटेलसाठी त्यावरून ‘ईसिम’ हा इंग्रजी शब्द, मग जागा सोडून आपला नोंदवलेला ईमेल पत्ता, असा एसएमएस १२१ ला पाठवायचा. जिओसाठी ‘गेटईसिम’ (इंग्रजी अक्षरांत, सलग), मग ईआयडी आणि आयएमईआय, असा एसएमएस १९९ ला. ईमेल आधी नोंदवलेला नसेल तर तेच पहिलं काम. हे सगळं नको असेल तर आधार घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानात जा. वयस्कर माणसांसाठी मी हाच मार्ग सांगेन.

३. नवा फोन घरच्या वाय-फायवर असू द्या. क्यूआर कोड ईमेलवर आला तर तो लॅपटॉपवर उघडा म्हणजे नव्या फोनने स्कॅन करता येईल. ई-सिम सुरू झालं की जुनं सिम मरतं.

या कामात तुम्ही स्वतः सुरुवात केलेली असेल तरच पुढे जा. ‘कंपनीतून बोलतोय, आलेला मेसेज पुढे पाठवा, ई-सिम करून देतो’ असा फोन आला तर तो चोराचा आहे असंच धरून चाला. तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये गेला की ओटीपीही तिकडेच जातात.

एसएमएस सुरू झाले की यूपीआय. हे अ‍ॅप फोनमधल्या सिमवरून स्वतः एसएमएस पाठवून नंबर पडताळतं, त्यामुळे बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं. फोनमध्ये दोन सिम असतील तर योग्य ते निवडा. पहिल्या दिवशी रकमेवर मर्यादा असते, तेव्हा मोठा व्यवहार त्या दिवसावर ठेवू नका. अनिवासी भारतीयांसाठी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३ मध्ये दहा देशांच्या नंबरवर, त्यांच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, यूपीआयची सोय जाहीर केली. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि अमिराती आहेत. प्रत्यक्षात ते चालेल की नाही हे बँक आणि अ‍ॅपवर ठरतं, म्हणून सुट्टीवर येणाऱ्याने तिथूनच आपल्या बँकेला विचारून यावं.

बँकेचं अ‍ॅप शोधूनही सापडत नाही? खात्याचा देश अजून अमेरिका असेल. काही भारतीय बँकांची अ‍ॅप बाहेरच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये दिसत नाहीत. अ‍ॅपल खात्याचा देश बदलता येतो, त्यासाठी आधी शिल्लक रक्कम आणि चालू वर्गण्या संपवाव्या लागतात. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो, म्हणून महिन्याभरासाठी आलेल्या पाहुण्याने तो बदलू नये.

चार्जरबद्दल थोडक्यात. त्यावर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो चालतो. पण अमेरिकी चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये ढिल्या बसतात, ठिणगी उडते. बीआयएसचं चिन्ह असलेला चार्जर इथेच घ्या, केबल तिकडची वापरा.

बाजारातून ‘यूएस पीस’ घेताना

महात्मा गांधी रोडवर किंवा ओळखीतून ‘यूएस पीस’, ‘दुबई पीस’ म्हणून वापरलेले फोन मिळतात. वरच्या सगळ्या तपासण्या इथेही करा, आणि त्यात आणखी एक. केवायएम, मग जागा सोडून आयएमईआय (इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत) असा एसएमएस १४४२२ ला पाठवा, किंवा सरकारच्या संचार साथी अ‍ॅपवर पाहा. उत्तरात फोन काळ्या यादीत, बनावट किंवा ‘आधीच वापरात’ असं आलं तर पैसे देऊ नका. उत्तरातलं मॉडेल आणि हातातला फोन एकच आहेत का, हेही पाहा. आधीच्या मालकाचं अ‍ॅपल किंवा गूगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा आणि आयएमईआय लिहिलेलं बिल घ्या. दुकानदार बिलाला टाळाटाळ करत असेल तर सौदा तिथेच सोडा.

हमी हा बाहेरच्या फोनचा कच्चा दुवा. अनेक कंपन्या फोनची हमी ज्या देशात विकला त्या देशापुरतीच ठेवतात. शिवाय मॉडेल वेगळं असल्याने सुटा भाग इथल्या सेवा केंद्रात नसू शकतो. खरेदीआधी कंपनीच्या हमीपत्रात भारताचा उल्लेख वाचा, आणि तुटलेल्या काचेचा खर्च किमतीत धरूनच हिशेब करा.

इथला फोन तिकडे नेताना

द्राक्षाच्या हंगामात युरोपला जाणारे बागायतदार आणि शिकायला निघालेली मुलं यांना हीच तपासणी उलट करायची आहे. अमेरिकेतलं ३जी २०२२ मध्ये बंद झालं, ऑस्ट्रेलियातलं २०२४ मध्ये. ऑस्ट्रेलियात तर आपत्कालीन ००० हा कॉल ४जी वरून करू न शकणारे फोन नेटवर्कवरूनच काढून टाकले जातात, इंटरनेटही मिळत नाही. तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने निघण्याआधी तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल तपासावं. तुर्कीमध्ये बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो, पुढे कर भरून नोंदणी करावी लागते; तितके दिवस राहणार असाल तरच ती फिकीर. आणि निघताना इथलं सिम बंद करू नका. नाशिकहूनच रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपलीकडे ठेवा, आणि घरचे सगळे नंबर +९१ लावून साठवा. लँडलाइन असेल तर ०२५३ मधलं शून्य काढून +९१ २५३.